बारा तुकड्यांचा केक

वीबे तर्पस्त्राच्या शेजारी बसून सिनेमा बघणं ही शिक्षा होती, आणि सिनेमा कॉम्प्युटर-चोरांचा असला तर जन्मठेप! पडद्यावरच्या पोराने तिसऱ्या झटक्यात पासवर्ड ओळखला रे ओळखला, की वीबेने रिमोट उचललाच म्हणून समजा. मग सिनेमा थांबायचा आणि वीबे सुरू व्हायचा. ती हिरवी अक्षरं वरून खाली का गळतायत, आणि ती वाचतंय कोण? हा प्राणी माऊसला हात न लावता काम कसं करतो? भर दुपारी डोक्यावर टोपडं ओढून अंधारात का बसलाय, लाइट बिल थकलंय का याचं? वीबेची बायको आउके पहिल्या पाच मिनिटांतच उठून कॉफी करायला निघून जायची. गेल्या नऊ वर्षांत तिने एकही सिनेमा शेवटपर्यंत पाहिलेला नव्हता.

बरं, माणूस चुकीचं बोलायचा म्हणावं तर तसंही नाही. एकोणीस वर्षं वीबेचा हाच धंदा होता, आणि तोही अगदी रीतसर. मोठमोठी ऑफिसं त्याला स्वतःहून बोलवायची आणि सांगायची, आमच्याकडे चोरासारखा शीर, आणि कुठून कसा शिरलास ते आम्हाला लिहून दे. वीबे शिरायचा. कॉम्प्युटरला फारसा हातही न लावता शिरायचा. तो म्हणायचा, यंत्र फोडायला आठवडे लागतात. माणूस मात्र दोन मिनिटांत दार उघडतो, फक्त दार उघडताना त्याला बरं वाटलं पाहिजे. एकोणीस वर्षांत तो एकदाही पकडला गेला नव्हता. हे वाक्य तो कुठल्याही गप्पांत दहा मिनिटांच्या आत घुसवायचा, अगदी दातांच्या डॉक्टरकडेसुद्धा.

फक्त सासऱ्यांपुढे त्याची डाळ शिजत नव्हती. सासरे म्हणजे श्योर्डराव. फ्रीसलंड प्रांतातल्या एका कालव्यावरचा पूल चाळीस वर्षं वर-खाली केलेला माणूस. पूल वर गेला की बोटी जाणार, खाली आला की गाड्या जाणार, काम म्हणजे असं डोळ्यांना दिसलं पाहिजे! जावई काय करतो हे त्यांना कधी कळलंच नाही. कोणी विचारलं तर ते सांगायचे, "हिंडतो लोकांच्या ऑफिसातनं."

त्यामुळे रेन्स्के बोलहाउस या सिनेमावाल्या बाईंचा फोन आला, तेव्हा वीबेला आकाश ठेंगणं झालं. त्या एक चित्रपट करत होत्या. त्यात एक चोर पाणी सांभाळणाऱ्या ऑफिसात घुसून पंपांचा ताबा घेतो आणि अर्धा देश बुडवायची धमकी देतो. हे सगळं खरं वाटावं म्हणून त्यांना एक सल्लागार हवा होता. सल्लागाराचं नाव पडद्यावर येणार! आउकेने त्याच दिवशी माहेरी-सासरी दोन्हीकडे कळवून टाकलं, आणि श्योर्डरावांच्या गावातल्या छोट्या थेटरात सव्वीस खुर्च्या आपल्यासाठी धरून ठेवायला सांगितल्या. चित्रपटाचं शूटिंग अजून सुरूही झालं नव्हतं.

पहिल्या भेटीतच माशी शिंकली. रेन्स्केबाईंनी आणखी एकाला बोलावलं होतं, टायमन नावाच्या चोवीस वर्षांच्या पोराला. पोरगा खरंच काळं टोपडं घालून आला! त्याने लॅपटॉप उघडला, त्यावर हिरवी अक्षरं धो धो गळायला लागली, आणि खोलीतली सगळी सिनेमावाली मंडळी पुढे वाकली. वीबेने विचारलं, यातून होतं काय? टायमन प्रामाणिक होता. म्हणाला, काहीच होत नाही, पण छान दिसतं.

वीबेचं डोकं फिरलं. तो उभा राहिला आणि म्हणाला, हातात नुसता एक केक द्या, या देशातल्या कुठल्याही ऑफिसाच्या काळजापर्यंत जाऊन येतो, आणि दार माझ्यासाठी तिथलीच माणसं धरून उभी राहतील.

रेन्स्केबाईंनी पेन खाली ठेवलं. "दाखवा," त्या म्हणाल्या. "मी स्वतः बरोबर येते. जमलं तर सल्लागार तुम्ही. नाही जमलं तर मी आपली हिरवी अक्षरं घेते."

योग असा की पुढच्याच गुरुवारी वीबेकडे एक काम होतं, झ्वॉले शहराबाहेरच्या ओस्टरफेन जलमंडळाचं. तिथले सुरक्षा अधिकारी रुलोफ्स यांनी सहीचं पत्र दिलं होतं: दुपारी दोन ते चार या वेळात आत शिरा, तळघरातल्या पंपांच्या यंत्रखोलीत जा, कपाटावर लाल चिकटपट्टी लावा, फोटो काढा आणि बाहेर या. बरोबर एक पाहुणी येईल, हेही त्यांना मान्य होतं. ऑफिसात बाकी कोणालाही यातलं काही ठाऊक नव्हतं. थोडक्यात, त्या चिकटपट्टीवर वीबेचं नाव, आउकेच्या सव्वीस खुर्च्या आणि श्योर्डरावांचं मत, सगळंच चिकटलेलं होतं.

गुरुवारी दोनला पाच कमी असताना दोघं गाडीतून उतरले. वीबेच्या दोन्ही हातांत जर्दाळूच्या केकचा खोका. चालता चालता तो हळू आवाजात रेन्स्केबाईंना शिकवत होता. आपल्याकडे ज्याचा वाढदिवस तोच ऑफिसात केक आणतो. म्हणजे केक आणणारा माणूस हा आपलाच असणार, बाहेरचा कोण कशाला आणेल? शिवाय दोन्ही हात गुंतलेल्या माणसाकडे कोणी ओळखपत्र मागत नाही, लाज वाटते मागायला. मी कॉम्प्युटर विभागातला नवा माणूस, तुम्ही माझ्या हाताखाली शिकायला आलेल्या. बस्स. कुठल्या सिनेमात दाखवतात हे?

आणि खरंच, दार वाजवायच्या आधीच आतून एक बाई धावत आली आणि दार धरून उभी राहिली. ही योपी. स्वागताच्या टेबलावर बसायची. साठीची, ठेंगणी, गळ्यात साखळीला अडकवलेला चष्मा. सदतीस वर्षं त्याच खुर्चीत काढलेली, आणि मंडळाच्या अध्यक्षांपासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांना अरे-तुरे करणारी.

वीबेने आपलं नेहमीचं सांगितलं: कॉम्प्युटर विभाग, नवीन, आज वाढदिवस. योपीचा चेहरा फुलला. तिने त्याच्या गालाला तीनदा गाल लावला, मग वळून रेन्स्केबाईंचाही हात हातात घेऊन इथल्या रीतीप्रमाणे सहकाऱ्याच्या वाढदिवसाबद्दल त्यांचं अभिनंदन केलं. सगळं मिळून दीड मिनिट. वीबेने रेन्स्केबाईंकडे बघून एक भुवई वर केली. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलंसुद्धा.

मग योपीने खोक्याचं झाकण उचललं.

"कितीचा आहे रे?"

"बारा तुकड्यांचा."

 योपीने केककडे बघितलं, मग वीबेकडे बघितलं, जरा जास्तच वेळ बघितलं, आणि झाकण हलकेच खाली ठेवलं. मजल्यावर एकतीस माणसं होती.

आता यात काय झालं, असं एखाद्याला वाटेल. अहो, इथे घराघरात केक आणायच्या आधी डोकी मोजतात! कोण रजेवर, कोण अर्धा दिवस, कोणाला गोड चालत नाही, सगळं बघून नेमके तितके तुकडे येतात. एक जास्त नाही, एक कमी नाही. वीबेला हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण एकोणीस वर्षांत त्याचा केक फक्त दार ओलांडण्यापुरताच असायचा. आत शिरला की तो खोका कुठेतरी टेबलावर ठेवून पसार व्हायचा. केक वाटायची वेळ त्याच्यावर कधी आलीच नव्हती.

"बारा तर बारा," योपी म्हणाली. "मी करते बरोबर. चल, तू बस."

आणि तिने मजल्यावर हाळी दिली.

पाच मिनिटांत खुर्च्यांचं रिंगण मांडलं गेलं. माणसं आली, आणि आलेला प्रत्येक जण वीबेचा हात हलवून अभिनंदन करू लागला, मग रेन्स्केबाईंचा, मग शेजारच्याचा, मग त्याच्या शेजारच्याचा. एकतीस जणांनी एकमेकांचं अभिनंदन करायला किती वेळ लागतो याचा हिशोब वीबेने मनातल्या मनात केला. मग गाणं झालं. दोन्ही हात वर करून, सगळ्या कडव्यांसकट. योपी कोपऱ्यात पट्टी घेऊन केकचे तुकडे आखत होती, एकाचे तीन. रिंगणाच्या बरोबर मधल्या खुर्चीत वीबे, गुडघ्यावर बशी, बशीत बोटभर केक. जिना दहा पावलांवर दिसतोय, पण उठायची सोय नाही. उत्सवमूर्तीच उठून गेली तर कसं दिसेल! घड्याळात दोन पंचवीस.

त्यात प्रश्न सुरू झाले. वय किती, घर कुठे, मूळचा कुठला. इथे वीबेचा एक जुना नियम आडवा आला. तो नव्या पोरांना नेहमी शिकवायचा, की खोटं एकच बोला, बाकी सगळं खरं सांगा, म्हणजे गोंधळ होत नाही. तेव्हा वाढदिवस तेवढा खोटा, बाकी त्याने सगळं खरं सांगितलं. फ्रीसलंडचा म्हटल्यावर योपीची मावशी नेमकी तिकडचीच निघाली. मग आई कुठली, आईचं माहेरचं आडनाव काय, अगं बाई, ते लोहाराच्या घरातले का, लहानपणी कुत्रा होता का, त्याचं नाव काय, अशी ती प्रेमाने विचारत गेली आणि वीबे सांगत गेला. एवढ्या वर्षांत त्याच्या घराण्याची इतकी चौकशी कोणी केली नव्हती. त्याला बरं वाटायला लागलं.

रिंगण उठलं तेव्हा पावणेतीन झाले होते. वीबे जिन्याकडे सरकला, तोच योपीने त्याला गाठलं. म्हणाली, तुझं कार्ड अजून झालं नाही वाटतं. ये, आत्ताच करून देते, कार्ड नसलं की दारं उघडत नाहीत. वीबेचे कान टवकारले. स्वतः ऑफिसच आपल्याला दारांचं कार्ड करून देतंय! त्याने रेन्स्केबाईंना डोळ्यांनी खुणावलं: लिहा, हे लिहून घ्या. योपीने एक अर्ज पुढे ठेवला. पत्ता, फोन, गाडीचा नंबर, पगार कुठल्या बँकेत, अडीअडचणीला कोणाला फोन करायचा. वीबेने झरझर भरला, आउकेचा नंबर लिहिला. मग तिने झेरॉक्ससाठी सरकारी ओळखपत्र मागितलं आणि त्याने तेही काढून दिलं.

दिल्यावर त्याच्या लक्षात आलं. ओळखपत्रावर जन्मतारीख होती. तीन नोव्हेंबर. आणि बाहेर एप्रिलचं ऊन पडलं होतं.

 योपी यंत्रापाशी पाठमोरी उभी होती. यंत्र घरघरलं, कागद बाहेर आला, तिने चष्मा लावून तो नीट पाहिला, चष्मा काढला, आणि ओळखपत्र हसत हसत परत दिलं. "फोटो छान आलाय हं तुझा," एवढंच म्हणाली.

 बाहेर पॅसेजमध्ये आल्यावर वीबे रेन्स्केबाईंच्या कानात म्हणाला, की बघितलंत, माणूस एकदा खूश झाला की डोळ्यांसमोरचंसुद्धा त्याला दिसत नाही.  रेन्स्केबाई योपीच्या दिशेने बघत होत्या. योपी दार लावून घेऊन फोनवर कोणाशी तरी बोलत होती, आणि बोलताना हसत होती.

नवं कार्ड घेऊन वीबे तळघराकडे निघाला. पहिल्या दाराला कार्ड लावलं, लाल दिवा. दुसऱ्या दाराला लावलं, लाल दिवा. तिसरं दार उघडलं, त्यात प्रिंटर होता. आणि प्रिंटरसमोर योपी.

ती म्हणाली, बरं झालं तूच आलास, हा ईस्टरपासून बंद आहे, तीन वेळा तुमच्या विभागाला कळवलं, कोणी फिरकलं नाही. वीबे म्हणाला, नंतर बघतो. त्यावर ती म्हणाली, वाढदिवसाच्या दिवशी माणसाने असं तोंड वाकडं करू नये. आता कॉम्प्युटर विभागाचा माणूस प्रिंटरला नाही कसा म्हणणार? वीबेने बाह्या सरसावल्या. आत कोणीतरी कॉफी ढवळायची काडी घालून ठेवली होती. ती काढायला वीस मिनिटं लागली, आणि हात काळे झाले ते वेगळेच.

काडी निघाली तर योपीने खिशातून यादी काढली. यादीत सतरा कामं होती! सभेच्या खोलीतला पडदा उतरत नाही. हिशोबनिसाच्या कॉम्प्युटरवर सगळं उलटं दिसतं. अध्यक्षांचा कीबोर्ड सूप सांडल्यापासून चिकटतोय. दोन लोखंडी कपाटं खिडकीकडे न्यायची आहेत. हे काम कॉम्प्युटरचं नाही हे तीही कबूल करत होती, पण तू आहेसच तर. वीबे पळत होता. कपाट ढकलताना घड्याळाकडे बघ, कीबोर्ड पुसताना घड्याळाकडे बघ. तीन वीस. तीन पस्तीस. दरवेळी तो जिन्याशी पोचायचा आणि दरवेळी मागून त्याच्या नावाने गोड हाक यायची. रेन्स्केबाई मागून वही घेऊन चालत होत्या, पण आता त्या त्याच्याकडे बघून लिहीत नव्हत्या. हे वीबेला कपाटाखाली बोट सापडल्यावरही जाणवलं, आणि बोटापेक्षा तेच जास्त लागलं.

पावणेचारला त्याचा धीर सुटला. तो सरळ योपीसमोर जाऊन उभा राहिला. म्हणाला, मला तळघरातली यंत्रखोली तपासायची आहे, आत्ताच्या आत्ता, वरून हुकूम आहे.

त्याला वाटलं होतं आता फाटे फुटतील. पण योपी लगेच उठली. "मग आधी नाही का सांगायचंस? चल." आणि टेबलाच्या खणातून किल्ल्यांचा जुडगा घेऊन पुढे चालायला लागली. चक्क स्वतः घेऊन चालली!  वीबेने खिशातली चिकटपट्टी चाचपली. तळघरात समोरासमोर दोन दारं होती. योपीने डावं उघडलं, म्हणाली, जा आत, दिवा उजवीकडे आहे. वीबे आत गेला. मागे दार लागलं. किल्ली फिरली.

दिवा लावला तर समोर घडीच्या खुर्च्या. भिंतीशी डिसेंबरच्या सणाचे लाल झगे टांगलेले, आणि एका खोक्यातून पांढऱ्या दाढ्या बाहेर लोंबत होत्या. यंत्र म्हणावं असं एकही नव्हतं. फोन काढला, तर तळघरात रेंज नव्हती. तीन पन्नास झाले होते.

वीबेने दार वाजवलं. मग ओरडून सांगितलं, की मी चोर नाही, सुरक्षा अधिकाऱ्यांनी पाठवलेला माणूस आहे, पत्र आहे माझ्याकडे. आणि दाराखालच्या फटीतून पत्र बाहेर सरकवलं.

 योपी वाचत असावी.

"पत्र छान आहे," शेवटी ती म्हणाली. "पण बाबा, मी सिनेमे बघते. असलं पत्र खऱ्या चोराच्याच खिशात असतं. सही मी पण करीन रुलोफ्सची, तुझ्याहून चांगली करीन."

"मग रुलोफ्सना फोन लावा ना!"

"लावला. दात काढायला गेलाय तो, साडेचारपर्यंत फोन बंद आहे."

"माझ्या बायकोला लावा. अर्जावर नंबर आहे."

"तिलाही लावला, केव्हाच लावला. आउके ना? गोड आहे तुझी बायको. दहा मिनिटं बोललो आम्ही. सिनेमाचं सांगितलं तिने, सव्वीस खुर्च्यांचं सांगितलं, तुझे वडील पण कसे हट्टी होते ते सांगितलं. वाढदिवस नोव्हेंबरात असतो म्हणाली."

वीबे दाराला चिकटलाच. "मग तुम्हाला सगळं माहीत आहे! मग कोंडलंत कशाला?"

"अरे, तो नंबर दिला कोणी? तूच ना? तू दिलेल्या नंबरावर जी बाई बोलेल ती तुझंच म्हणणं सांगणार. रुलोफ्सचा नंबर माझ्या वहीत आहे, तो मी लिहिलेला आहे. तो उचलेपर्यंत तू आत बस. खुर्च्या आहेत बघ भरपूर."

 हेच वाक्य वीबे गेली एकोणीस वर्षं प्रत्येक अहवालाच्या शेवटी ठळक अक्षरांत लिहीत आला होता आणि ते आजवर कोणीही वाचलं नव्हतं. त्याने एक घडीची खुर्ची उघडली आणि दाढ्यांच्या खोक्याशेजारी बसला.

तेवढ्यात बाहेरून रेन्स्केबाईंचा आवाज आला. त्या योपीला विचारत होत्या, की मला का नाही कोंडलंत? योपी म्हणाली, कोंडणार होते, पण तू आपली बशी स्वतः धुऊन ठेवलीस, तेव्हा म्हटलं ही बरी दिसते. मग खुर्ची ओढल्याचा आवाज आला. रेन्स्केबाई बसल्या होत्या.

"तुम्हाला संशय नेमका कधी आला?" त्यांनी विचारलं.

"संशय? बारा तुकडे म्हणाला तेव्हाच कळलं, हा इथला नाही."

"दोन वाजताच? मग दोन तास थांबलात कशासाठी?"

"ईस्टरपासून प्रिंटर बंद होता ना गं," योपी म्हणाली.

आणि मग वीबेला दारापलीकडून तो आवाज ऐकू आला, ज्यासाठी त्याने दोन तास जिवाचं रान केलं होतं. रेन्स्केबाईंचं पेन चालायला लागलं होतं. थांबतच नव्हतं. पान उलटलं, पुन्हा चालायला लागलं. योपी सांगत होती: लोकांना आईच्या माहेराबद्दल कसं विचारायचं, अर्ज पुढे ठेवताना हसायचं कसं, माणसाला एकामागून एक काम दिलं की त्याला विचार करायला वेळच कसा मिळत नाही. हे सगळं वीबेला पाठ होतं! फक्त आजवर तो दाराच्या या बाजूला कधी नव्हता. चार वाजले. चिकटपट्टी खिशातच होती. त्याला एकदम फार वाईट वाटलं, आपल्यासाठी नाही, आउकेसाठी. सव्वीस जणांना ती आता काय सांगणार?

पाच वाजता रुलोफ्स आले. अर्धा गाल बधिर, बोलणं निम्मं कळत होतं, निम्मं नाही. पण पत्र आपलंच आहे असं त्यांनी मान हलवून सांगितलं आणि दार उघडलं. वीबे बाहेर आला. योपीने त्याच्या खांद्यावर चिकटलेले दाढीचे पांढरे केस झटकले, अर्ज आणि झेरॉक्स त्याच्या हाती परत दिले, आणि म्हणाली, घरी जाऊन बँकेचा पासवर्ड तेवढा बदल हं, कुत्र्याचं नाव असेल तर. वीबेने त्याच संध्याकाळी बदलला.

अहवाल त्याने इमानदारीने लिहिला. ओस्टरफेनमधून काय काय बाहेर गेलं: काही नाही. तिथे माझ्याबद्दल काय काय आत गेलं: दीड पान.

रेन्स्केबाईंचा फोन तिसऱ्या दिवशी आला. त्यांनी फार आभार मानले. तुम्ही म्हणत होतात ते शब्दन् शब्द खरं निघालं, असंही म्हणाल्या. सल्लागार म्हणून त्यांनी योपीला घेतलं होतं.

चित्रपट पुढच्या हिवाळ्यात लागला. खुर्च्या धरलेल्या होत्या आणि आउके म्हणाली, आता न जाणं बरं दिसत नाही. तेव्हा सव्वीसच्या सव्वीस गेले. वीबे तिसऱ्या रांगेत श्योर्डरावांच्या शेजारी बसला. पहिला तासभर टायमनचं टोपडं आणि टायमनची हिरवी अक्षरं. सगळे जण श्वास रोखून बघत होते. मग चोर केक घेऊन एका ऑफिसात शिरला, आणि स्वागताच्या टेबलावरच्या बाईने त्याला जो काही नाचवला, त्यावर थेटर डोक्यावर घेतलं लोकांनी. आउकेने आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्याबरोबर सिनेमा शेवटपर्यंत बघितला. वीबेने तोंडातून चकार शब्द काढला नाही.

शेवटी नावं आली. 'माणसांविषयी सल्ला: योपी ब्राकमान.' आउकेने टाळ्या वाजवल्या. दोघींचं आता दर रविवारी फोनवर बोलणं असायचं. वीबेचंही नाव आलं, आभारांच्या यादीत, केकच्या दुकानाच्या खाली. पण तोवर मंडळी कोट चढवत होती.

श्योर्डराव मात्र बसून होते. त्यांनी चष्मा पुसला आणि विचारलं, ही ब्राकमान कोण?

"हिनेच तर वीबेला पकडलं ना, बाबा," आउके म्हणाली. "खरोखरचं. तिथूनच घेतलंय ते सगळं."

श्योर्डराव जावयाकडे वळले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांत कुतूहल दिसलं.

"म्हणजे, तू आत शिरतोस आणि त्यांनी तुला पकडायचं. पकडलं, की काम झालं. असं आहे का ते?"

खरं म्हणजे ते इतकं सोपं नव्हतं. पण म्हातारा पहिल्यांदाच विचारत होता, आणि मागे बाकीची मंडळी कोट घालून थांबली होती. वीबे म्हणाला, "हो. तसंच."

"अच्छा." श्योर्डरावांनी मान डोलावली. त्यांना पटल्यासारखं दिसलं. "आणि आजवर किती वेळा पकडलं तुला?"

"ही एकच वेळ," वीबे म्हणाला, आणि म्हणता म्हणता त्याला कळलं की आपण नको ते बोललो.

 श्योर्डराव उठले, टोपी घातली आणि त्यांनी वीबेच्या खांद्यावर हात ठेवला.

"एकोणीस वर्षांत एकदा का होईना," ते म्हणाले, "केलंस ना काम. झालं तर."